अत्रे, प्रल्हाद केशव : विनोदी पटकथाकार

अत्रे, प्रल्हाद केशव : (१३ ऑगस्ट १८९८ – १३ जून १९६९). मराठी नाटककार, विडंबनकवी, शिक्षणतज्ज्ञ, पत्रकार, वक्ते व चित्रपटनिर्माते. ‘आचार्य अत्रे’ या नावाने ते सर्वपरिचित आहेत. बोलपटाच्या पहिल्या दशकात मराठी विनोदी पटकथेला स्वतंत्र रूप देणारे लेखक म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या वाङ्‌मयीन व राजकीय कार्याच्या विस्तारामुळे हा भाग बऱ्याचदा मागे पडतो. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या चित्रपटलेखनाचा मुख्यत्वे विचार केला असून इतर कार्याचा निर्देश त्या अनुषंगाने केला आहे.

जीवन व लेखनाची पूर्वतयारी : अत्रे यांचा जन्म पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील कोडीत खुर्द या गावी झाला. सासवड हे त्यांच्या बालपणाचे गाव. त्यांचे उच्च शिक्षण पुण्यास झाले. पुढे शिक्षकाचा पेशा पत्करून त्यांनी लंडन येथे शिक्षणशास्त्राची पदविका मिळविली (१९२८). पुण्याच्या कँप भागातील शाळेचे ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. ‘नवयुग वाचनमाला’ ही त्यांची क्रमिक पुस्तकांची माला विशेष गाजली. मुलाला समजेल, रुचेल व लक्षात राहील अशी सोपी, प्रवाही मराठी लिहिण्याचा जो सराव त्यांना या कामात झाला, तो पुढे बोलपटाचे संवाद लिहिताना उपयोगी पडला.

‘केशवकुमार’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या विडंबनकवितांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन कवींच्या भावविवशतेची व शब्दांच्या डौलाची त्यात थट्टा आहे. विडंबनात मूळ कवितेचा थाट जसाच्या तसा ठेवावयाचा आणि आशय मात्र क्षुल्लक योजावयाचा, अशी पद्धती असते. थाट व आशय यांमधील अंतर वाचकाला जाणवले की हसू येते. अत्रे यांच्या विनोदी पटकथांचा गाभा हाच आहे. त्यांत मोठी प्रतिज्ञा, भव्य ध्येय किंवा शिष्टसंमत आचार यांचा थाट संपूर्ण असतो, परंतु तो पेलणारा मनुष्य अगदी सामान्य असतो.

अत्रे हे राम गणेश गडकरी यांना गुरुस्थानी मानीत. गडकऱ्यांची अतिशयोक्ती व शब्दनिष्ठ कोटी त्यांच्या विनोदात उतरली. मात्र त्यांची भाषा गडकऱ्यांच्या मानाने कमी अलंकृत आणि व्यवहारातील बोलण्याला अधिक जवळची आहे. बालमोहन नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकाने विनोदी नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले. सूर्यनमस्काराचे वेड घेतलेला रावबहादूर आणि त्याच्या भोवतालची निरनिराळ्या छंदांनी पछाडलेली माणसे हा या नाटकाचा विषय. औंध संस्थानच्या अधिपतींनी सूर्यनमस्काराच्या प्रसाराचे कार्य हाती घेतले होते तो हा काळ. त्यामुळे प्रेक्षकांना नाटकातील विनोदाचा रोख सहज उमगत असे. यानंतर ‘घराबाहेर’ (१९३४), ‘भ्रमाचा भोपळा’ (१९३५), ‘लग्नाची बेडी’ (१९३६) आणि ‘उद्याचा संसार’ (१९३६) ही नाटके आली. बोलपट आल्यामुळे रंगभूमीला उतरती कळा लागली असतानाच्या या काळात या नाटकांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

बोलपटाचे आगमन आणि लेखकाची गरज : पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये पडद्यावर आला. मूकपटाच्या काळात कथासूत्र व काही पट्ट्यांवरील मजकूर एवढ्यावर काम भागत असे. ध्वनीच्या आगमनाने संवाद लिहिणारा लेखक आवश्यक झाला. प्रारंभी पौराणिक व संतचरित्रपर कथांचा आश्रय घेण्यात आला, कारण त्या प्रेक्षकांच्या परिचयाच्या होत्या. समकालीन जीवनावरील बोलपटासाठी मात्र आजच्या माणसाचे बोलणे लिहू शकणारा लेखक हवा होता. असे लेखक रंगभूमीवर, वृत्तपत्रांत व कथावाङ्‌मयातच मिळण्यासारखे होते.

अमेरिकेतही याच सुमारास असेच घडले. हॉलिवुडच्या चित्रसंस्थांनी न्यूयॉर्कचे नाटककार आणि वृत्तपत्रांतील लेखक यांना पाचारण केले. शिकागोच्या वृत्तपत्रसृष्टीतून आलेले बेन हेक्ट, फ्रँक काप्रा यांच्या चित्रपटांचे लेखक रॉबर्ट रिस्किन आणि नाटककार म्हणून नाव मिळविलेले प्रेस्टन स्टर्जेस ही त्यांतील ठळक नावे होत. वेगवान संवाद, परस्परांवर कुरघोडी करणारे नायक-नायिका आणि प्रतिष्ठितांची फजिती ही त्यांच्या विनोदाची वैशिष्ट्ये. तेथे लेखक हा चित्रसंस्थेचा पगारी नोकर असे आणि त्याने लिहिलेले हस्तलिखित इतरांच्या हातून बदलले जाई. या स्थितीला कंटाळून स्टर्जेस यांनी ‘द ग्रेट मॅकगिंटी’ (१९४०) या चित्रपटाची पटकथा नाममात्र १० डॉलरला देऊ केली आणि त्या बदल्यात दिग्दर्शनाचा हक्क मिळविला. मूळ पटकथेसाठी ठेवलेले पहिले ऑस्कर पारितोषिक याच पटकथेला लाभले. त्याच काळात मराठीत अत्रे हेही पटकथाकाराच्या भूमिकेतून निर्मात्याच्या भूमिकेकडे वळत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हंस पिक्चर्समधील कालखंड : अत्रे यांचा चित्रपटलेखनातील पहिला महत्त्वाचा कालखंड कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’ या संस्थेशी निगडित आहे. दिग्दर्शक व नट मास्टर विनायक (१९०६–४७), नट बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये ही संस्था स्थापन केली. तिचा पहिला बोलपट ‘छाया’ (१९३६) वि. स. खांडेकर यांच्या कथेवर आधारित होता. पुढे खांडेकर व अत्रे असे दोन भिन्न प्रकृतीचे लेखक या संस्थेला लाभले. खांडेकरांच्या कथांत ध्येयवादी तरुणाची शोकात्म फरफट असे, तर अत्रे यांच्या कथांत ध्येयवादाचा आव आणणाऱ्यांची फजिती असे. एकाच संस्थेने आणि बहुतांशी त्याच कलावंतांनी ही दोन्ही टोके हाताळली. लेखक बदलताच चित्रपटाचा स्वभाव बदलतो, याचा प्रत्यय मराठी प्रेक्षकाला त्यामुळे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आला.

अत्रे यांनी हंससाठी प्रथम ‘धर्मवीर’ व ‘प्रेमवीर’ (दोन्ही १९३७) हे बोलपट लिहिले. ‘धर्मवीर’ची कल्पना नॉर्वेजियन नाटककार हेन्‍रिक इब्सेन यांच्या ‘समाजाचे आधारस्तंभ’ या आशयाच्या नाटकावरून (१८७७) घेतलेली आहे. मूळ नाटकात प्रतिष्ठित पुढाऱ्याच्या सार्वजनिक चारित्र्यामागील खोटेपणा गंभीरपणे उघड केला जातो. अत्रे यांनी हा खोटेपणा धर्माच्या नावाने मिरविणाऱ्या माणसाच्या ठिकाणी कल्पिला आणि त्याला उपहासाचे रूप दिले. इब्सेनचा आशय व गडकऱ्यांची विनोदपद्धती यांचा हा संयोग अत्रे यांच्या प्रकृतीला मानवणारा होता. ‘घराबाहेर’ या त्यांच्या नाटकातही इब्सेनचा प्रभाव दिसून येतो.

ब्रह्मचारी : ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा अत्रे-विनायक या जोडीचा सर्वांत प्रसिद्ध बोलपट होय. तो मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार करण्यात आला. त्याची कथा थोडक्यात अशी : औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्य व राष्ट्रसेवा यांवरील एका देशभक्ताचे व्याख्यान ऐकून भारावून जातो आणि आजन्म ब्रह्मचारी राहण्याची प्रतिज्ञा करतो. खोलीतील नट्यांची चित्रे तो काढून टाकतो, व्यायामाला लागतो आणि स्वावलंबनाचा पुरस्कार करणाऱ्या एका आश्रमात दाखल होतो. तेथे किशोरी नावाची तरुणी त्याच्या व्रताची कसोटी पाहते. औदुंबराची भूमिका स्वतः विनायक यांनी आणि किशोरीची भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांनी केली. दामुअण्णा मालवणकर, व्ही. जी. जोग, साळवी व जावडेकर हे अन्य कलावंत होते. दादा चांदेकर हे संगीतकार होते. पोहण्याच्या वेशात मीनाक्षी यांनी सादर केलेल्या जलक्रीडेच्या गीताने त्या काळी मोठी खळबळ उडवून दिली. त्या दृश्याच्या गाजावाजामुळे चित्रपटाच्या रचनेकडे मात्र दुर्लक्ष झाले.

ही रचना पाहण्यासारखी आहे. पटकथेची उभारणी एकाच प्रतिज्ञेवर केलेली आहे. प्रतिज्ञा घेतली जाते, तिच्या पालनाचा बडेजाव वाढत जातो आणि त्या प्रमाणात मोहाचे प्रसंगही वाढत जातात. नायकाला कोणी बाहेरचा शत्रू नाही. त्याने स्वतःवर लादलेला नियम हाच त्याचा प्रतिपक्ष आहे. त्यामुळे विनोदासाठी उपकथानकाची किंवा विदूषकी पात्राची गरज राहत नाही. तत्पूर्वीच्या मराठी नाटकांत व बोलपटांत विनोद हा बहुधा मुख्य कथेला जोडलेला, नोकरचाकर वा मित्र यांच्या तोंडी घातलेला असे. अत्रे यांनी तो नायकाच्या ठिकाणी आणून ठेवला. संपूर्ण बोलपटाचा आधार विनोद असू शकतो, हे ‘ब्रह्मचारी’ने सिद्ध केले.

विषयाची निवडही धाडसाची होती. ब्रह्मचर्य, शरीरसाधना, स्वावलंबन व आश्रमजीवन हे त्या दशकातील आदराचे विषय होते. पूर्व खानदेशातील फैजपूर येथे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले होते. साधी राहणी व स्वयंसेवकांचे कष्ट यांचे दर्शन तेथे घडले. अशा वातावरणात आश्रमवासीयांची थट्टा करणे म्हणजे राष्ट्रीय भावनेची थट्टा करणे, असा अर्थ लावला जाण्याचा संभव होता. अत्रे यांनी ही अडचण विडंबनाच्या तंत्राने सोडविली. त्यांचा उपहास त्यागाविषयी नसून त्यागाच्या प्रदर्शनाविषयी आहे. औदुंबर हा दांभिक नाही. तो भाबडा व प्रामाणिक आहे आणि म्हणूनच प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे राहते. दंभ आहे तो त्याला व्याख्याने देणाऱ्यांच्या ठिकाणी.

ब्रँडीची बाटली : ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) मध्ये हेच तंत्र अधिक साधेपणाने वापरलेले आहे. नगरपालिकेतील बगाराम हा लाजाळू कारकून मालतीवर अनुरक्त असतो. तिच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी असते. ती आणण्याचे काम बगाराम पत्करतो, पण ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. तिच्या शोधात हा निरागस मनुष्य मद्यपींच्या दुनियेत शिरतो आणि त्यातून प्रसंगांची मालिका निर्माण होते. बगारामाची भूमिका दामुअण्णा मालवणकर यांनी केली. रूपवान तरुण नटाऐवजी तिरळ्या डोळ्यांच्या विनोदी नटाला मध्यवर्ती स्थान देणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. ती शक्य झाली, कारण पटकथा नटाच्या रूपावर विसंबलेली नसून पात्राच्या अज्ञानावर विसंबलेली होती.

या बोलपटाला तात्कालिक संदर्भ होता. मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आणली. त्यामुळे दारू हा त्या वर्षी वादाचा आणि चर्चेचा विषय होता. कारकून नगरपालिकेतील दाखविण्यातही लेखकाचा स्वानुभव असावा, कारण याच सुमारास अत्रे पुणे नगरपालिकेच्या कारभारात भाग घेत होते. पुण्यातील ‘रे मार्केट’ला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. चालू घटना कथेत आणण्याची ही वृत्ती पत्रकाराची आहे. तिच्यामुळे चित्रपटाला ताजेपणा येतो, परंतु संदर्भ विसरला गेला की विनोदाची धार बोथट होण्याचा धोकाही असतो. बगारामाचे भाबडेपण तात्कालिक नसल्याने ‘ब्रँडीची बाटली’ काही प्रमाणात या धोक्यातून वाचला.

‘अर्धांगी’ (१९४०) हा हंससाठी लिहिलेला त्यांचा आणखी एक बोलपट. पाश्चात्त्य राहणीची आधुनिक स्त्री आणि परंपरेला जपणारी पत्नी यांच्या विरोधावर तो आधारलेला असून त्याचा कौल परंपरेच्या बाजूने आहे. ‘घराबाहेर’ या नाटकात घर सोडणाऱ्या स्त्रीची बाजू मांडणाऱ्या लेखकाने सहा वर्षांनी हे लिहावे, हा विरोध लपविण्याजोगा नाही. रूढीच्या दंभावर तुटून पडणारा हा विनोद नव्या आचारांवरही तितक्याच सहजतेने रोख धरीत असे आणि त्या वेळी तो प्रेक्षकांच्या पूर्वग्रहांना अनुकूल ठरे. अत्रे यांच्या विनोदाची ही मर्यादा होय.

लेखक-निर्माता : १९४० मध्ये अत्रे यांनी लिहिलेला ‘लपंडाव’ हा बोलपट ‘नवयुग चित्रपट’ या संस्थेने के. नारायण काळे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केला. वनमाला या सुशिक्षित अभिनेत्रीचे त्यात प्रथम दर्शन घडले. त्याच वर्षी अत्रे यांनी ‘नवयुग’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यानंतर त्यांनी ‘अत्रे पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढून ‘पायाची दासी’ (१९४१) व ‘वसंतसेना’ (१९४२) हे बोलपट निर्माण केले. दोहोंचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचे होते. ‘पायाची दासी’त सासूच्या जाचाचा विषय असून दुर्गा खोटे यांनी सासूची व वनमाला यांनी सुनेची भूमिका केली. ‘चरणों की दासी’ या नावाने तो हिंदीतही निघाला. ‘वसंतसेना’ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकावर आधारित आहे.

लेखकाने स्वतः निर्माता होणे ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. बोलपटाचे भांडवल स्टुडिओंचे मालक व वितरक यांच्या हाती असे. मराठी प्रेक्षकवर्गही राजकीय दृष्ट्या विभागलेला होता : मुंबई प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि निजामाच्या राज्यातील मराठवाडा असे त्याचे मुख्य भाग होते. एवढ्या मर्यादित क्षेत्रावर खर्च भागविणे कठीण असल्याने मराठी संस्था एकाच कथेचे हिंदी रूपही काढीत. त्यासाठी प्रत्येक दृश्य दोनदा चित्रित करावे लागे. शब्दनिष्ठ कोट्या दुसऱ्या भाषेत आणणे अवघड असते, पण प्रसंगनिष्ठ विनोद सहज पार जातो. अत्रे यांच्या पटकथांत एकाच वेडाभोवती प्रसंगांची साखळी गुंफण्याची जी पद्धती दिसते, ती या व्यवहाराला सोयीची होती. तिचा लाभ मराठीतील बोलीभेदांनाही ओलांडून जाण्यात झाला. पुण्याच्या सुशिक्षित घरातील भाषा आणि जामनेर-भुसावळ भागातील तावडी किंवा धुळ्याकडील अहिराणी यांत पुष्कळ अंतर आहे. परंतु ब्रँडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या कारकुनाची फजिती कळण्यासाठी पुणेरी बोलण्याची सवय असावी लागत नाही.

श्यामची आई व महात्मा फुले : १९४२ मध्ये नासिक येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अत्रे यांना मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी निर्माण केलेले दोन महत्त्वाचे चित्रपट विनोदी नाहीत. ‘श्यामची आई’ (१९५३) हा साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) आत्मकथनपर पुस्तकावर आधारलेला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी स्वातंत्र्यचळवळीत शाळा सोडली आणि नासिकच्या तुरुंगात असताना १९३३ मध्ये हे पुस्तक लिहिले. त्याची पार्श्वभूमी कोकणातील आहे, पण ते लिहिणाऱ्या शिक्षकाची कर्मभूमी खानदेश होती. चित्रपटाचे निर्माते व दिग्दर्शक अत्रे हेच होते. आईची भूमिका वनमाला यांनी व लहान श्यामची भूमिका माधव वझे यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. भारत सरकारने १९५४ मध्ये चित्रपटांसाठी राष्ट्रीय पारितोषिके प्रथमच दिली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र लाभले होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या सन्मानाचे मोल कळते.

दंभावर प्रहार करणाऱ्या विनोदकाराने मातृभक्तीची करुण कथा निवडावी, हे वरवर विसंगत वाटते. परंतु दोहोंतील रचनातत्त्व एक आहे. ‘श्यामची आई’ या पुस्तकात सलग कथानक नाही. लहान लहान प्रसंग आहेत आणि प्रत्येकात बोलणे व वागणे यांचा मेळ घालण्याची शिकवण आहे. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, किंवा पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनालाही तसेच जपायला सांगते. उच्चार व आचार यांत अंतर पडले की अत्रे यांच्या विनोदाचा जन्म होतो. ते अंतर जेथे उरत नाही, तेथे त्यांना आदर वाटतो. ज्या आदर्शांची नक्कल त्यांनी ‘ब्रह्मचारी’त हास्यास्पद ठरविली, त्यांचे अस्सल रूप त्यांनी ‘श्यामची आई’त दाखविले. विनोदी पटकथांत प्रसंगांची साखळी जुळविण्याचा अनुभव आणि वाचनमालेत मुलांसाठी लिहिण्याचा सराव या दोहोंचाही येथे उपयोग झाला.

‘महात्मा फुले’ (१९५४) हा त्यांचा पुढील चित्रपट. जोतीराव फुले यांची भूमिका बाबूराव पेंढारकर यांनी आणि सावित्रीबाईंची भूमिका सुलोचना यांनी केली. मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक त्यास मिळाले. फुले यांचे कार्य शिष्ट मराठी वाङ्‌मयात उपेक्षित असताना मोठ्या पडद्यावर ते आणण्यात सामाजिक धैर्य होते.

यानंतर अत्रे यांची शक्ती मुख्यतः पत्रकारिता व राजकारण यांकडे वळली. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या वाणीने व लेखणीने मोठे कार्य केले. १९५७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. नाट्यलेखन चालूच होते. ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ या प्रहसनावरून केलेले ‘मोरूची मावशी’ आणि फिरत्या रंगमंचावर सादर झालेले ‘तो मी नव्हेच’ (१९६२) ही त्यांतील विशेष गाजलेली नाटके होत. ‘कऱ्हेचे पाणी’ हे त्यांचे अनेक खंडांतील आत्मचरित्र आहे. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : अत्रे यांच्या चित्रपटलेखनावर मुख्यतः दोन आक्षेप घेता येतात. एक, त्यांच्या पटकथांची मांडणी नाटकाच्या वळणाची आहे. पात्रे बोलून हसवितात आणि कॅमेऱ्याच्या हालचालीला वा मूक अभिनयाला त्यात दुय्यम स्थान राहते. बोलपटाच्या प्रारंभीच्या काळात, जड ध्वनियंत्रणेमुळे कॅमेरा फारसा हलत नसे, हे लक्षात घेतल्यास या दोषाची तीव्रता कमी होते. दुसरा आक्षेप अतिशयोक्तीचा आहे. ज्याची थट्टा करावयाची त्याचे चित्र ते इतके ठळक रंगवितात, की प्रतिपक्षाची बाजू काय असू शकेल याचा विचारच प्रेक्षकाला करावा लागत नाही. स्त्रियांच्या आधुनिकतेवरील त्यांच्या उपहासात हा दोष विशेष जाणवतो.

या मर्यादा मान्य करूनही त्यांचे दोन प्रकारचे ऋण मराठी चित्रपटावर राहते. पहिले, विनोदी पटकथा ही विचार मांडण्याची गंभीर रीत होऊ शकते हे त्यांनी दाखविले. आदरास पात्र ठरलेल्या कल्पना लोकांसमोर हसत हसत तपासून पाहण्याची मोकळीक त्यांनी प्रेक्षकाला दिली. परकी राजवट असताना आणि स्वकीयांच्या भावना हळव्या असताना ही मोकळीक सोपी नव्हती. दुसरे, लेखकाच्या नावावर चित्रपट पाहण्याची सवय त्यांनी, खांडेकरांप्रमाणेच, मराठी प्रेक्षकाला लावली.

त्यांच्यानंतरच्या विनोदी चित्रपटांत ही परंपरा निरनिराळ्या दिशांनी वाढली. हंसच्या वातावरणात उमेदवारी केलेल्या आणि ‘ब्रह्मचारी’त छोटी भूमिका केलेल्या ग. दि. माडगूळकर यांनी राजा परांजपे यांच्यासाठी ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) लिहून प्रसंगनिष्ठ विनोदाला कौटुंबिक सौम्यता दिली. पु. ल. देशपांडे यांनी ‘गुळाचा गणपती’त (१९५३) भोळ्या नायकाची परंपरा चालविली. वसंत सबनीस यांनी ‘सोंगाड्या’ (१९७१) मध्ये दादा कोंडके यांच्यासाठी तमाशाच्या अंगाने ग्रामीण भाबड्या माणसाची कथा रचली आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या शहरी प्रहसनाचे लेखनही केले. या चित्रपटांची भाषा, वातावरण व विनोदाची जात परस्परांहून भिन्न आहे. परंतु त्यांच्या नायकांत एक साम्य आढळते. जगाचे नियम तो शब्दशः खरे मानतो आणि त्यामुळे अडचणीत सापडतो. औदुंबर व बगाराम ही या कुळीतील पहिली ठळक पात्रे होत.